भूल दिल्यानंतर मागच्या पायात जोरच नाही, किती वाट बघायची?

बंड्याची_आई
नमस्कार मंडळी, जरा घाबरून लिहितेय, अनुभवी लोकांनी प्लीज उत्तर द्या. आमचा बंड्या, लॅब्राडोर, वय ११. परवा त्याच्या पोटावरची गाठ काढली आणि भूल देतोच आहोत तर दातांवरचं कीटही साफ करून घेऊ असं डॉक्टर म्हणाले, त्यामुळे भूल बरीच लांबली. आधी रक्त तपासलं होतं, किडनी लिव्हर सगळं ठीक होतं. संध्याकाळी घरी आणला तेव्हा डोळे उघडे पण ओळख नाही, रात्रभर एकसुरात कण्हत होता, जवळ घेतलं तरी थांबेना. काल सकाळपासून माणसात आला, थोडं खाल्लं, पाणी प्यायला, पण मागचे पाय धरतच नाहीत. पुढच्या पायांवर उठतो आणि मागचा भाग खाली बसतो. आम्ही धरून उभा केला तर चार पावलं टाकतो आणि मग कंबर एका बाजूला झोल खाते. डावा मागचा पंजा मधूनच उलटा पडतो आणि तो तसाच ओढत राहतो, त्याला कळतच नाही असं वाटतं.

खरं सांगायचं तर पाय आधीपासून थोडे कमजोर होतेच, फरशीवर घसरायचा, उठायला वेळ घ्यायचा, चालताना नखं घासल्याचा आवाज यायचा. पण स्वतःचा स्वतः उठून दारापर्यंत यायचा हो. आता माझ्याकडे बघतो, शेपटी हलवतो आणि उठता येत नाही म्हणून परत डोकं खाली ठेवतो, ते बघवत नाही. आमचे डॉक्टर म्हणतात वय झालंय, वाट बघा. हे भुलीमुळे झालंय का? परत चालेल का? आणि गाठीचा रिपोर्ट वाईट आला तर पुन्हा ऑपरेशन, म्हणजे पुन्हा भूल, ती द्यायची की नाही?

श्वानमित्र
ताई, आधी शांत व्हा. ते रात्रभरचं कण्हणं आमच्याकडेही झालंय, भूल उतरताना कुत्रा गोंधळलेला असतो, त्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. दरवेळी दुखतंय म्हणूनच रडतो असं नसतं, पण दुखणं नाहीच असंही धरून चालू नका, पेनकिलर दिलीय ना ते बघा.

आता लगेच करायच्या गोष्टी. फरशीवर अजिबात चालवू नका. रबरी मॅट, योगा मॅट, जुनी सतरंजी, जे असेल ते त्याच्या जागेपासून शी-सूच्या जागेपर्यंत सलग अंथरा, मध्ये एक हात जरी फट राहिली तरी नेमका तिथेच पाय फाकतात आणि मग तो उठायलाच घाबरतो. पंजाच्या गाद्यांमधले केस वाढले असतील तर कापा, नखंही कापा. उचलताना मोठा टॉवेल मांड्यांच्या अगदी पुढून पोटाखालून घ्यायचा आणि दोन्ही टोकं वर धरायची, टाक्यांवर ताण येत नाही ना ते बघून. त्याचं सगळं वजन तुम्ही उचलू नका, फक्त तोल सांभाळा, पाय त्यालाच टाकू द्या. पडून असेल तर दर काही तासांनी कूस बदला, नाहीतर लॅबसारख्या वजनदार कुत्र्याच्या कोपरांना आणि माकडहाडाच्या बाजूला जखमा व्हायला वेळ लागत नाही.

डॉ_प्राणी
मी व्हेट आहे. बंड्याला न बघता निदान करणार नाही, पण काय बघायचं ते सांगतो.

भुलीची औषधं शरीरातून बऱ्यापैकी लवकर निघून जातात. पहिल्या दिवशी झोकांड्या, सुस्ती, थंडी वाजणं चालतं. म्हातारा कुत्रा असेल तर दुसऱ्या दिवशीही थोडा ढिला असतो. पण नीट शुद्धीवर आहे, खातोय, ओळखतोय आणि तरी पाय धरत नाहीत, तर ते 'भूल उतरली नाही' या खात्यात टाकू नका. मग कारण दुसरीकडे शोधायचं. पोटावरच्या ऑपरेशनला कुत्र्याला उताणा झोपवतात, मागचे पाय फाकवून बांधतात, आणि खुब्याचा सांधा आधीच झिजलेला असेल तर इतका वेळ तसं राहिल्यावर तो भयंकर आखडतो. जागा असताना दुखलं की कुत्रा पाय आवरून घेतो, भुलीत तसं करता येत नाही. हे दुखणं असेल तर सूज आणि वेदनेचं औषध, शेक आणि आराम यावर रोज थोडा थोडा फरक दिसायला हवा. रोज फरक, हा शब्द लक्षात ठेवा.

मला जास्त खटकतंय ते त्या एका पंजाचं उलटं पडणं. घरी एक करून बघा. कोणीतरी पोटाखालून धरून त्याला उभा करा, मग एक मागचा पंजा हळूच उलटा करून वरची बाजू जमिनीला टेकवा आणि सोडा. ज्याच्या नसा ठीक आहेत तो कुत्रा लगेच पंजा सरळ करतो. उशीर लावला किंवा तसाच ठेवला तर मेंदूला पायाची खबर नीट पोचत नाहीये. दोन्ही पायांचं करा, मोबाईलवर व्हिडिओ काढा, तो डॉक्टरांना दाखवा. क्लिनिकमध्ये गेल्यावर घाबरून बरीच कुत्री चांगलं चालून दाखवतात.

दवाखान्यात विचारा: कंबरेत मणक्याजवळ इंजेक्शन दिलं होतं का (त्यात मागचे पाय बरेच तास बधिर राहू शकतात आणि लघवीही अडू शकते), मांडीत इंजेक्शन दिलं का, कुठल्या बाजूला, आणि ऑपरेशनमध्ये बीपी फार खाली गेलं होतं का. मांडीतल्या मुख्य नसेजवळ सुई गेली तर नेमका असाच एक पंजा उलटा पडतो.

आणखी एक, त्याचा भुंकण्याचा आवाज अलीकडे बदललाय का? घोगरा झालाय, धापा टाकताना घशातून घरघर येते, पाणी पिताना ठसका लागतो?

वाट न बघता लगेच न्यायचं कधी तेही लिहून ठेवा: दोन्ही पाय पूर्ण लुळे आणि बोटं जोरात चिमटली तरी मान वळवत नाही, सुधारत होता आणि अचानक बिघडला, दिवसभर सू नाही आणि पोट तट्ट, पाय हाताला गार लागतोय, हिरड्या पांढऱ्या, श्वास लागतोय. यातलं एक जरी दिसलं तर रात्र असली तरी निघायचं.

रॉकीचा_दादा
एक कळकळीची विनंती, घरातली माणसांची पेनकिलर देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडनी घालवतात. आणि डॉक्टरांनी सूज कमी करणारी गोळी दिली असेल तर दुसऱ्या कुणाच्या सल्ल्याने स्टेरॉईड सुरू करायचं नाही, दोन्ही एकत्र म्हणजे आतड्यातून रक्त. आमच्या रॉकीच्या पायातला जोर गेला तेव्हा सगळे मणका मणका करत बसले आणि निघाला गोचीड ताप, प्लेटलेट एकदम खाली. तुमचं रक्त तपासलंय म्हणता, पण त्यात गोचीड तापाची टेस्ट होती का तेवढं विचारून घ्या.

बंड्याची_आई
सगळ्यांचे खूप आभार. मॅट अंथरल्यावर आज तो स्वतः उठून बसला, टॉवेलच्या आधाराने बाहेर जाऊन सू करून आला. पंजाचं करून बघितलं, उजवा लगेच सरळ करतो, डावा बराच वेळ तसाच राहतो, मग ओढून घेतो. दवाखान्यात फोन केला, कंबरेत इंजेक्शन नव्हतं, मांडीतही नाही, उताणाच झोपवला होता. गोचीड तापाची टेस्ट निगेटिव्ह होती. आणि डॉक्टर, आवाजाचं तुम्ही विचारलंत आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पावसाळ्याआधीपासून आवाज घोगरा झालाय, फिरून आला की घशातून करवत ओढल्यासारखा श्वास येतो. त्याचा पायांशी संबंध आहे?

डॉ_प्राणी
असू शकतो, आणि म्हाताऱ्या लॅबमध्ये हे बऱ्यापैकी दिसतं. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा हळूहळू कमजोर होत जातात, म्हणून घशाची झडप उघडणारी नस आणि मागच्या पायांच्या नसा आधी दगा देतात. मांडीचं मांस उतरतं, नखं घासतात, आवाज जातो. हा आजार महिनोन्महिने चालू असतो, भूल आणि पडून राहणं झालं की जेमतेम टिकवून ठेवलेला जोर एकदम कमी झालेला दिसतो. म्हणजे भुलीने आजार दिला नाही, झाकलेला होता तो उघडा पाडला. पण डावा पाय उजव्यापेक्षा इतका वेगळा का, याचं उत्तर यातून मिळत नाही, तिथे मणक्याची गादी किंवा दाबली गेलेली नस आहे का हे बघायलाच हवं. नसांची तपासणी आणि एक्सरे करून घ्या, वय झालंय म्हणून सोडून देऊ नका. नस नुसती दबलेली असेल तर भरून यायला आठवडे लागतात, पण बहुतेक वेळा येते. तोवर पंजा घासून जखम होऊ नये म्हणून मऊ बूट घाला, आणि दिवसातून थोडा वेळ त्याला आडवा करून पाय सावकाश दुमडून सरळ करत राहा, दुखलं की थांबायचं.

गळ्यातला पट्टा आजच काढा, छातीचा हार्नेस घाला. उन्हात फिरवू नका, घशाची झडप नीट उघडत नसेल तर उकाड्यात जीवावर बेततं. खोकला किंवा ताप आला तर लगेच दाखवा, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

पुन्हा भूल द्यायची का? गरज असेल तर द्यायची, फक्त या सगळ्याची माहिती आधी भूल देणाऱ्याला हवी. झोपवताना घशाची झडप हलते का ते बघता येतं, श्वासासाठी घशात घातलेली नळी काढायची घाई करायची नाही, खाली जाड गादी, पाय कमी फाकवून, अंग गरम ठेवून, बीपीवर लक्ष ठेवून, आणि दोन कामं एकदम उरकण्याऐवजी शक्य तेवढी कमी वेळाची भूल.

बंड्याची_आई
जाऊन आलो. त्यांनी व्हिडिओ नीट बघितला आणि स्वतःहून म्हणाले की घशाचंही तपासू. एक्सरेत दोन्ही खुबे झिजलेले निघाले, मणक्यात खालच्या बाजूला जागा थोडी कमी झालीय. पण चिमटलं तर दोन्ही पायांत जाणीव आहे, डाव्यात कमी. दुखण्याची औषधं बदलली, फिजिओथेरपी सुरू करायला सांगितली, टाके सुकले की पाण्यातल्या ट्रेडमिलवर चालवणार आहेत. आज आधाराशिवाय उभा राहिला आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत गेला, वाटेत डावा पंजा दोनदा उलटा पडला पण या वेळी त्याचा त्यानेच सरळ केला. गाठीचा रिपोर्ट यायचाय. हार्नेस कुठल्या प्रकारचा घेऊ, मागून उचलता येईल असा?

श्वानमित्र
वा, स्वतः पंजा सरळ केला ही फार चांगली बातमी आहे! हार्नेस पुढचा आणि मागचा असे दोन भाग असलेला घ्या, दोन्हीला पाठीवर हँडल. मागचा पट्टा मांड्यांभोवती येतो, पोटावरून नाही, म्हणजे टाक्यांना लागणार नाही. नर असेल तर सू करायला जागा मोकळी राहते ना ते घालून बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि रात्री काढून ठेवा, काखेत आणि जांघेत घासून कातडी लाल होते.