नवीन गाडीची पहिली सर्व्हिसिंग लांबवली तर खरंच काही बिघडते का?

काळी_माती
दसऱ्याला स्प्लेंडर घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे यंदा शोरूममध्ये मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात असते तशी गर्दी होती. आता पुस्तकात लिहिलं आहे, पहिली सर्व्हिसिंग ५०० ते ७५० किमी किंवा ६० दिवस, जे आधी होईल ते. माझं मीटर ७०० च्या घरात आहे.

मी राहतो मुकुटबनच्या बाजूला, सर्व्हिस सेंटर वणीला. सकाळी गाडी टाकली की संध्याकाळी मिळते. वेचणीला बाया मिळून नाही राहिल्या, हरभऱ्याचं वावर अर्धं पडून आहे, आणि मी तिथं बाकड्यावर बसून टीव्ही पाहू का? वरून त्या रोडवर कोळशाच्या ट्रकांची धूळ. गाडी धुऊन देतात, घरी येईपर्यंत पुन्हा काळी.

माझं मत स्पष्ट आहे. हे ५०० ते ७५० म्हणजे कंपनीचं गणित, गिऱ्हाईक शोरूमला बांधून ठेवायचं. ऑइलची काडी काढून पाहिली, ऑइल अजून पिवळंच आहे. डिसेंबरमध्ये कापूस घरात आला की निवांत जाईन, दीड हजार किमी झाले तरी फरक पडत नाही. शेजारच्या काकांकडे जुनी सीडी हंड्रेड आहे, तिला कोणी वेळेवर सर्व्हिसिंग केली होती? जाहिरातच होती त्या गाडीची, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’. विरोधात असाल तर कारण सांगा, नुसतं ‘पुस्तकात लिहिलंय’ नको.

हिशेबी_माणूस
ते जाहिरातीतलं पेट्रोलबद्दल होतं भाऊ, ऑइलबद्दल नव्हतं.

पाना_पक्कड
कारण मागितलंय तर देतो. पांढरकवड्याला गॅरेज आहे माझं, शोरूमशी घेणंदेणं नाही, उलट त्यांचं फुकट सर्व्हिसिंगचं कुपन संपलं की गिऱ्हाईक माझ्याकडे येतं.

ऑइल पिवळं आहे की काळं, हे पहिल्या सर्व्हिसिंगचं माप नाहीच. नव्या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक रेघा ठेवलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यावर घासून घासून आपली जागा धरतात. गिअरचे दातही तसेच एकमेकांवर बसतात. त्या घासण्यातून निघालेला लोखंडाचा बारीक चुरा जातो कुठं? ऑइलमध्येच. आणि आपल्या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर तिघांना एकच ऑइल असतं, कारसारखा गिअरचा हिशेब वेगळा नसतो. तुमच्या गाडीत बदलायचा कागदी फिल्टर नाही. एक जाळी आहे आणि क्रँकसोबत फिरून कचरा बाजूला फेकणारा एक फिल्टर. मोठा कचरा अडकतो, अगदी बारीक चुरा फिरत राहतो. पहिलं ऑइल पांढऱ्या डब्यात काढा आणि उन्हात हलवून पाहा, चमक दिसेल. दुसऱ्या वेळी तेवढी दिसत नाही.

दुसरं म्हणजे नवीन चेन सुरुवातीलाच जास्त ढिली होते, टॅपेटचं म्हणजे वाल्व्हजवळचं अंतर बदलतं, क्लचची केबल ताणते, स्पोकची चाकं असतील तर ताराही सैल होतात. पांधणीनं चालणाऱ्या गाडीला तर हे सगळं लवकरच होतं. १५०० ला गाडी बंद पडेल असं मी म्हणत नाही. बंद नाहीच पडणार. म्हणून तर लोकांना वाटते काही झालं नाही. पन्नास हजारांनंतर धूर मारायला लागली की मग माझ्याकडे येतात, अन् तोवर पहिली सर्व्हिसिंग कोणाला आठवते?

सातपुड्याचा_सवार
पाना भाऊंचं बरोबर, पण मग ‘६० दिवस’ कशाला? आम्ही धारणीकडचे. माझी गाडी दोन महिन्यांत अडीचशे किमीसुद्धा चालली नाही, शाळा ते घर, घर ते शाळा. चुराच निघाला नाही तर ऑइल कशाला फेकायचं? परतवाड्याला जायचं म्हणजे सेमाडोहवरून घाट उतरायचा. जाऊन येऊन जेवढं चालवीन, जवळपास तेवढंच दोन महिन्यांत चालवलं. किलोमीटरची अट मला पटते, दिवसांची नाही. ती फक्त कुपन बाद करायला ठेवली आहे.

पाना_पक्कड
दिवसांची अट थोडी ढिली धरली तर माझं भांडण नाही. तरी थोड्या थोड्या अंतराच्या चालवण्यात इंजिन पुरतं तापत नाही, आत वाफेचं झालेलं पाणी उडून जात नाही, ऑइलमध्येच राहते. तेही चांगलं नाही. अन् चुरा सगळ्यात जास्त पहिल्या काहीशे किलोमीटरमध्येच निघतो, तुमचे अडीचशे त्यातलेच.

वऱ्हाडी_इंजिन
मले तं वाटते काळी भाऊचंच खरं हाय. सर्व्हिसिंगच्या नावावर पाणी मारतात, चेनले ऑइल लावतात, अन् कार्डावर धा टिका मारून देतात. माह्या भावाच्या गाडीचं हवेचं फिल्टर उघडलंच नव्हतं, अन् कार्डावर ‘साफ केलं’. फुकट सर्व्हिसिंग म्हणतात अन् ऑइलचे पैसे घेतातच. मंग कायले पळाचं तिकडे? गावातल्या मिस्त्रीकडून ऑइल बदला, झालं.

हिशेबी_माणूस
फुकट फक्त मजुरी असते, ऑइल आपलंच. हे पुस्तकात लिहिलेलं असते, फसवणूक नाही. गावातल्या मिस्त्रीचं म्हणाल, तर हिरो ५ वर्षं किंवा ७०,००० किमीची वॉरंटी देते आणि त्या अटीत सर्व्हिसिंग ठरल्या वेळी करणं येते. उद्या इंजिनचं काम निघालं तर समोरचा सगळ्यात आधी पहिल्या सर्व्हिसिंगचं पान उघडणार. तिथं १६०० किमी दिसलं की बोलणं संपलं. ऐंशी-नव्वद हजाराची गाडी आणि चारशेच्या आसपासचं ऑइल. एका दिवसाची मजुरी धरली तरी हिशेब एकाच बाजूला जातो.

पर्लकोटा
आमच्याकडचा मधला मार्ग सांगतो. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी आणि रस्ता बंद. गाडी घेतली होती ऐन जूनमध्ये. किलोमीटर भरले तेव्हा बाहेर निघणंच शक्य नव्हतं. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल गावात मिळालं, तेच टाकलं, डब्यावरचा ग्रेड आणि मीटर दिसेल असा फोटो काढला, पावती ठेवली. पाणी ओसरल्यावर सर्व्हिस सेंटरला गेलो. कुरकुर केली, पण कुपन घेतलं. सगळे घेतील याची हमी नाही. पण ज्याला खरंच जाता येत नाही त्यानं निदान ऑइल बदलणं तरी लांबवू नये.

एक सांभाळा. कारचं ऑइल टाकू नका. मोटरसायकलच्या क्लच प्लेटी ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, त्यांना चालणाऱ्या डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असते. कारच्या काही ऑइलनं क्लच घसरतो.

काळी_माती
पाना भाऊंचं चुऱ्याचं पटलं, कुपनचं अजूनही नाही. पण मी काय शहरात गाडी फिरवतो? खताच्या दिवसात दोन थैल्या डीएपी मागे टाकून वावरापर्यंत आणतो. तेव्हा तर इंजिन लवकर जागेवर बसेल ना?

पाना_पक्कड
बसेल नाही, घासेल! डीएपीची थैली ५० किलोची. दोन थैल्या म्हणजे १००, तुम्ही ६५ तरी असाल. या गाडीला चालवणाऱ्यासकट १३० किलोच्या आसपासच ओझं सांगितलं आहे. नवी गाडी हळू आणि हलकी चालवायची, पहिल्या हजारापर्यंत गिअर ओढून चालवायची नाही. तुम्ही नेमकं उलटं करून राहिले आणि वरून ऑइलही लांबवता. ओझं ओढणाऱ्या गाडीनं ५०० लाच जायला पाहिजे, ७५० ची वाटही पाहू नये.

वऱ्हाडी_इंजिन
मंग शेतकऱ्यानं गाडी घ्यावं कायले, पूजा कराले?

काळी_माती
वणीला फोन केला. गर्दी आहे म्हणे, पुढच्या आठवड्यातली तारीख देऊन राहिले. तोवर ७५० होऊन जातील. आता यात उशीर माझा की त्यांचा?

हिशेबी_माणूस
तारखेचा मेसेज मागून घ्या अन् जपून ठेवा. जॉब कार्डवर तारीख आणि मीटर दोन्ही बरोबर लिहिलं का ते तिथंच पाहा, घरी येऊन नाही. आणि तोवर डीएपी बैलबंडीनं आणा.