रात्रपाळीनंतर दिवसा झोप का टिकत नाही?

प्रश्न (वाडी, बडोदे):
माझ्या यजमानांची पाळी दर आठवड्याला बदलते. आधी रात्रीची, मग दुपारची आणि नंतर सकाळची, असा क्रम कारखान्यात ठरलेला आहे. रात्रपाळीहून ते सकाळी आठला थकून येतात आणि लगेच झोपतात, पण बारा-साडेबाराला टक्क जागे होतात व मग दिवसभर चिडचिड चालते. मनावर घेतले तर झोप येईल, हे सासूबाईंचे म्हणणे मला पटत नाही. आपले काय मत आहे?

प्रतिसाद १:
सासूबाईंचा मान राखूनही सांगावे लागेल की हा मनोनिग्रहाचा प्रश्न नाही. मेंदूच्या तळाशी सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो आणि शरीराचे तापमान, संप्रेरके व झोप यांचे वेळापत्रक तो सांभाळतो. पहाटे चार-पाचच्या सुमारास तापमान सर्वांत खाली असते (त्या वेळी कामात चुका होतात त्या उगाच नव्हेत). पुढे ते चढू लागते, जाग आणणारे संप्रेरक कॉर्टिसॉल वाढलेले असते आणि झोपेची वेळ सुचवणारे मेलॅटोनिन ओसरते. तुमचे यजमान झोपतात ते नेमके या चढत्या वेळी. थकवा त्यांना झोपवतो खरा, पण तो थोडा उतरला की हे घड्याळ त्यांना उठवते.

प्रतिसाद २:
मला अधिक खटकला तो पाळ्यांचा क्रम. बाहेरच्या उजेडाचा आधार नसेल तर माणसाचे आंतरिक घड्याळ साधारण २४.२ तासांचे चालते; त्यामुळे झोप पुढे ढकलणे जमते, अलीकडे ओढणे जड जाते. सकाळ, दुपार, रात्र हा क्रम त्या मानाने सोसतो. तुमच्याकडे तो उलटा आहे. सकाळच्या उन्हाने जाग पक्की होते, म्हणून परतताना काळा चष्मा लावावा.

प्रतिसाद ३:
चष्म्याबाबत थोडे थांबावे. रात्रभर जागलेला माणूस दुचाकीवरून येत असेल तर वाटेत त्याला जाग राहणेच महत्त्वाचे. शिवाय हे घड्याळ दिवसाला साधारण तासाभराने सरकते, म्हणजे ते रात्रपाळीशी पुरते जुळण्याच्या आत पाळी बदलते. म्हणून अंधाऱ्या खोलीत सकाळी चार-पाच तास आणि कामाला निघण्यापूर्वी संध्याकाळी दीड तास अशी झोप विभागावी. मध्यरात्री भरपेट जेवू नये, कारण त्या वेळी रक्तातील साखर आवरण्याची शरीराची क्षमता कमी असते. नवरात्रात नऊ रात्री जागूनही काही होत नाही, असे आपल्याकडे कोणीतरी म्हणेलच. पण गरब्याहून आलेला माणूस अंधारातच झोपतो, सकाळी आठला नव्हे.

प्रश्नकर्ती:
दुचाकीच आहे, त्यामुळे चष्मा बाद. पाळ्यांच्या क्रमाचा विषय ते युनियनच्या बैठकीत मांडणार आहेत.