सरकारी बिल्डिंगच्या कामावर ॲप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे का?

कुडाळवाला: माझा मामेभाऊ आयटीआय वायरमन झालाय. तालुक्याला सरकारी इमारतीचं काम चालू आहे तिथे विचारायला गेला तर कॉन्ट्रॅक्टर म्हणतो हेल्पर म्हणून ये, रोजावर घेतो, ॲप्रेंटिस बिप्रेंटिस आम्ही ठेवत नाही. पैसा सरकारचा, मग गावातली पोरं शिकाऊ म्हणून घेणं बंधनकारक नाही का? रोज बरा आहे म्हणून घरचे जा म्हणतायत, मला पटत नाहीये.

साईटइंजिनिअर_रत्नागिरी: काम सरकारी की खाजगी यावर नाही, माणसं किती यावर ठरतं. ॲप्रेंटिस कायदा १९६१ चा, २०१९ ला नियम बदलले तेव्हापासून ३० किंवा जास्त माणसं असली की २.५ ते १५ टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, ४ ते २९ असतील तर मालकाची मर्जी. आणि यात कंत्राटी माणसंही धरायची असतात! इथेच लबाडी चालते, मस्टरवर दहा-बारा जण दाखवायचे आणि बाकीचे सगळे मुकादमाचे म्हणून हात वर करायचे. ४० माणसं धरली तरी एक जागा निघतेच. स्थानिकच घ्या असं मात्र कायद्यात नाही, टेंडरच्या अटींत काही असेल तर माहिती अधिकारात कागद मागा.

कुडाळवाला: आणि पैसे?

साईटइंजिनिअर_रत्नागिरी: २०१९ च्या त्याच नियमांत आयटीआयवाल्याला महिना किमान ७,७०० धरले होते. केंद्राच्या योजनेत त्यातले २५ टक्के, १,५०० पर्यंत, सरकार देतं, हे कॉन्ट्रॅक्टरला नीट समजावून सांगा, पुष्कळांना माहीतच नसतं. पण करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा, तोंडी नको. नोंद नसेल तर शेवटची परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, दोन वर्षं वायरी ओढल्या तरी कागदावर तो हेल्परच. मला या पोरांचं फार वाईट वाटतं, हाताला काम येतं आणि दाखवायला काही नसतं.

मालवणी_माणूस: रोजार भुलू नको रे. पावसात साईट थंड झाली की हेल्पराक पयलो घराक धाडतत, करार असलो तर दर म्हयन्याक स्टायपेंड येता.

वायरमनताई: आयटीआयत बीटीआरआय केंद्राबद्दल विचारा, ॲप्रेंटिसचं काम तेच बघतात. शिवाय महावितरण वायरमन ॲप्रेंटिस घेतं, तिकडेही अर्ज टाकून ठेवा. आणि तोवर हेल्पर म्हणून गेलाच तर ९० दिवस काम केल्याचा दाखला कॉन्ट्रॅक्टरकडून घ्यायला लावा, बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला लागतो.