मदत हवी आहे: आईसोबत ओकुहिदा आणि कामिकोची

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन जपानच्या ओकुहिदा भागात जायचंय. कामिकोची या डोंगरांमधल्या खोऱ्यात खासगी गाड्या नेता येत नाहीत, म्हणून मुक्काम हिरायू ओनसेन या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी. तिथून बस आहे. कामिकोचीतली कप्पाबाशी पूल ते म्योजिन तळं ही वाट दुखऱ्या गुडघ्यांना झेपेल का? शिनहोताका रोपवे २,१५६ मीटरवर नेतो, तिथे थंडी कितपत असते?

खरी काळजी जेवणाची. आई माळकरी आहे, आणि तिकडे साध्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो. आधी कळवलं तर शुद्ध शाकाहारी जेवण देणारं पारंपरिक जपानी निवासगृह म्हणजेच र्‍योकान कुणाला माहीत आहे का? तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात सगळ्यांसोबत विवस्त्र उतरायला ती तयार नाही, पण त्या गरम पाण्यात तिने निवांत बसावं असं मला फार वाटतं. फक्त आपल्यापुरतं कुंड कुठे मिळेल? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा.