बांबूचं बॅरिअर, लोखंडाचं बॅरिअर आणि कापलेली फट

वणीकर: काल इथे ट्रकमालक यांनी लिहिलं, "वणी-वरोरा रस्त्याच्या कडेला गाड्या अडवायला बांबूचं बॅरिअर म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. लोखंडाला पर्याय नाही." रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. 2023 मध्ये तो 200 मीटरचा पट्टा उभा राहिला. बाल्कोआ जातीचा बांबू, कुजू नये म्हणून क्रिओसोट तेल मुरवलेला, वरून पुनर्वापराच्या प्लॅस्टिकचा लेप. धडकेची चाचणी पिथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात झाली, आगीची रुडकीला. अहो, बॅरिअर म्हणजे तटबंदी नव्हे. त्यानं वाकायचं, धडक अंगावर घ्यायची आणि गाडी रस्त्याच्या अंगाला वळवायची. जे तसूभर हलत नाही, त्यावर आदळल्यावर आतल्या माणसाची मान जाते. विदर्भाच्या बांबूला काम मिळतंय, त्यात पोटदुखी कसली?

ट्रकमालक: पोटदुखी नाही, काळजी आहे. किती वजनाची गाडी, किती वेगानं, किती अंशांत धडकवली ते सांगा. ईएन 1317 या युरोपच्या बॅरिअर-चाचणी मानकात एन2 पातळीला 1500 किलोची कार ताशी 110 किमीनं 20 अंशांत सोडतात. एच2 ला 13 टनांची बस, ताशी 70 किमीनं. वणीला कोळशाचे हायवा डंपर धावतात, ते कुठल्या पातळीत बसवणार? शिवाय नवा बांबू टिकेल, पाच उन्हाळे खाल्लेला टिकेल का?

दुचाकीवाला: तुम्ही कार-ट्रकवरच भांडा. 2022 मध्ये देशात रस्त्यावर मेलेल्या दर दहांत चारहून जास्त दुचाकीवरचे होते. माझा मावसभाऊ पावसात घसरला, बॅरिअरच्या पत्र्याखालून सरकत थेट त्याच्या खांबावर. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. स्पेनमध्ये यासाठी खाली आणखी एक पट्टी लावतात.

साइटवरचा: या दोन्हींपेक्षा वाईट म्हणजे टोक. पत्रा मध्येच संपला की तो भाल्यासारखा गाडीत शिरतो. आम्ही टोक नीट वळवून पुरतो, आणि रात्रीत गावकरी ग्राइंडर लावून मध्येच फट पाडतात. ढाब्यासाठी! एका फटीमागे दोन नवी उघडी टोकं. अशांवर गुन्हेच नोंदवायला हवेत.

वावरवाला: नोंदवा माझ्यावर. अर्धं वावर अलीकडे, अर्धं पलीकडे. रस्त्याखालचा बोगदा दोन किलोमीटरवर, आषाढात त्यात कमरेइतकं पाणी. बैलं काय पोहून नेऊ? आखणी करताना कोणी बांधावर येऊन विचारलं?

साइटवरचा: दादा, त्याच फटीतून निघालेल्या ट्रॅक्टरखाली एक पोरगा गेलेला मी पाहिलाय. आवाज चढवू नका.

वावरवाला: तो पोरगा आमच्याच गावचा होता. मला सांगता?

साइटवरचा: माहीत नव्हतं. माफ करा. बोगदा तिथे नको, ओढ्याच्या वरच्या अंगाला घ्या, असं मी तेव्हा तोंडी बोललो होतो. लेखी द्यायला हवं होतं, तेवढी चूक माझी.

वणीकर: मूळ विषय बांबूचा होता.

ट्रकमालक: बांबूबद्दल माझं मत तेच. पण आज सकाळी गाडी बाजूला लावून आमच्याकडचं लोखंडी बॅरिअर हातानं तपासलं. पत्र्याच्या जोडाला आठ बोल्ट हवेत. पहिल्याला तीन होते, पुढच्याला दोन. पत्रा हातानं हलत होता. लोखंड आहे म्हणून मी निश्चिंत होतो, ते आता राहिलो नाही. वणीकर, एवढं तुमचं मानतो.

वावरवाला: बोल्ट भंगारात जातात. आणि आमच्या बोगद्यात आजही पाणी आहे.