मदत हवी आहे: टीडीएस ८५, पण घरातल्या नळाला क्लोरीनच नाही

नमस्कार. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याला राहतो. खडकवासल्याचं पाणी शुद्ध होऊन सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत येतं, तिथून पंपाने गच्चीवर आणि मग घरात. २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण निघाले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा पोट बिघडवणारा जंतू सापडला, तेव्हापासून पाणी उकळूनच पितो. तरी महिन्याभरात मुलाला दोनदा जुलाब झाले. चार वर्षांचा आहे, तहान लागली की बेसिनच्या नळालाच तोंड लावतो.

समितीतल्या काकांनी टीडीएस मीटर बुडवलं. आकडा ८५. "वहिनी, बाटलीतल्या पाण्यासारखं आहे, काळजी सोडा." मला पटलं नाही. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. धरणातलं पावसाचं पाणी मुळातच हलकं. त्यात थोडं सांडपाणी शिरलं तरी आकडा फारसा हलणार नाही, आणि जंतू तर त्या मीटरला दिसतच नाहीत.

म्हणून क्लोरीन तपासायचं ओटी किट आणलं. सकाळी पाणी सुटल्यावर बाहेरच्या मुख्य नळाला स्वच्छ पिवळा रंग आला, ०.५ च्या पट्टीशी जुळणारा. गच्चीच्या टाकीखाली जेमतेम पिवळसर झाक. स्वयंपाकघरात काहीच नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरायला हवं. खालच्या टाकीचं झाकण ड्रेनेजच्या चेंबरपासून जेमतेम पाच फुटांवर आहे आणि पावसात तिथे डबकं होतं. टाकी शेवटची कधी धुतली, कुणालाच आठवत नाही.

जंतूंची तपासणी कुठे करावी? नमुना कसा घ्यावा? समितीला पटेल असं काय मांडू?

उत्तर:

ताई, तुम्ही योग्य टोक धरलंय. फक्त एक लक्षात घ्या: क्लोरीन नाही म्हणजे जंतू आहेतच असं नाही. पाणी टाकीत बराच वेळ पडून राहिलं तरी क्लोरीन उडतं. पण संरक्षण संपलेलं असतं, म्हणून तपासणी हवीच.

पुण्यातल्या राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत चौकशी करा. बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्या, घरची उकळलेली नको. प्रयोगशाळेच्या बाटलीत थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन निष्प्रभ करतं; नाहीतर नेईपर्यंत बाटलीतच जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. बाटली विसळू नका. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, मग भरा. बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा.

बाहेरचा नळ आणि स्वयंपाकघर, दोन्ही नमुने एकाच सकाळी घ्या. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) मुळीच आढळता कामा नये. बाहेर नाही आणि आत आहे असं आलं, तर समितीपुढे दुसरं काही मांडायची गरज नाही. मग टाकी पूर्ण उपसा आणि चेंबरच्या बाजूची भिंत पाझरते का ते उतरून बघायला सांगा. नुसती धुऊन भागणार नाही.

तोवर बेसिनजवळ उकळलेल्या पाण्याचा तांब्या ठेवा, मुलाच्या हाताला येईल असा.