लॉग काफ्कात वेगाने ढकलायचे तर आधी बॅच वाढवा, पार्टिशन नंतर

कात्रजकर
हिंजवडीत आमच्या टीममध्ये आठवडाभर यावर जुंपलीय. लॉग (ॲप काय करतंय त्याच्या नोंदींच्या ओळी) काफ्कात, म्हणजे या ओळी साठवून पुढे पुरवणाऱ्या व्यवस्थेत, उशिरा पोचत होते. मीटिंगमध्ये एकमुखाने ठरलं, पार्टिशन, म्हणजे टॉपिकचे (काफ्कातल्या एका प्रवाहाचे) समांतर भाग, वाढवा. ६ ची २४ केली. वेग वाढणं राहिलं बाजूला, उलट घसरला!

कारण असं की प्रोड्यूसर (काफ्कात ओळी पाठवणारा भाग) प्रत्येक पार्टिशनची बॅच, म्हणजे एकदम पाठवायचा गठ्ठा, वेगळी बांधतो. ओळ कुठल्या पार्टिशनवर जाणार हे ठरवणारी आमची की (key) म्हणजे दर रिक्वेस्टला वेगळा असलेला रिक्वेस्ट आयडी, त्यामुळे तेवढ्याच ओळी चौपट ठिकाणी विखुरल्या. त्यात लिंगर, म्हणजे बॅच भरायला थांबायचा वेळ, शून्य (काफ्काच्या जावा क्लायंटमध्ये ४.० च्या आधी डीफॉल्ट तोच होता, आता ५ मिलिसेकंद). स्वारगेट-कात्रज शेअर रिक्षा एकच सीट घेऊन निघाली तर गॅसचे पैसे तरी सुटतील का?

लिंगर ५० मिलिसेकंद केला, बॅच १६ केबीची १२८ केली, वर एलझेड४ कॉम्प्रेशन लावलं. काम भागलं. कॉम्प्रेशन अख्ख्या बॅचवर होतं आणि लॉगच्या ओळी एकमेकींच्या जुळ्या बहिणी, त्यामुळे बॅच मोठी तितकी जास्त दाबली जाते. पार्टिशन वाढवणं हा माझ्या मते आळशी उपाय आहे. एकदा वाढवली की त्या टॉपिकवर कमीही करता येत नाहीत.

अर्धा_चहा
आणि रिक्षा उलटली तर? प्रोसेस मेमरी संपून मेली की बॅचमध्ये थांबलेल्या ओळीही गेल्या. नेमक्या त्याच शेवटच्या ओळी आपल्याला हव्या असतात. वेगाच्या नादात पुरावाच घालवताय.

कात्रजकर
म्हणून ॲप आधी फाइलमध्ये लिहितं. लॉग पाठवणारा वेगळा प्रोग्रॅम तिथून उचलतो. ॲप मेलं तरी फाइल जागेवरच असते.

खराडी_ऑनकॉल
तुमच्याकडे फाइल आहे हो. अर्ध्या पुण्यात ॲपमधूनच थेट काफ्काला पाठवतात. आमच्याकडेही तसंच होतं. ब्रोकर (काफ्काचा सर्व्हर) रेंगाळला, प्रोड्यूसरचा ३२ एमबी बफर, म्हणजे पाठवायच्या ओळी धरून ठेवणारी मेमरी, भरला आणि सेंड अडकून बसला. डीफॉल्टने तो ६० सेकंद वाट बघतो. लॉगपायी ग्राहकाची रिक्वेस्ट ताटकळली! रात्री २ वाजता हे शोधून काढणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. तेव्हा बॅचआधी हे ठरवा, की बफर भरला तर लॉग टाकून द्यायचे की ॲप थांबवायचं. माझं उत्तर ठाम आहे, लॉग टाकून द्या.

अर्धा_चहा
ऑडिट लॉगही, म्हणजे कोणी काय केलं याच्या पुराव्याच्या नोंदीही, टाकून देणार?

खराडी_ऑनकॉल
ते मुळात याच पाइपमधून का जातायत?

सदाशिव_पेठी
मूळ प्रश्न राहिलाच. उशीर प्रोड्यूसरकडे होता हे कशावरून? कन्झ्युमर म्हणजे काफ्कातून ओळी वाचणारा, आणि कन्झ्युमरांच्या एका ग्रुपमध्ये एका पार्टिशनवर एकच कन्झ्युमर चालतो. पलीकडे कन्झ्युमरचं इंडेक्सिंग (लॉग शोधता यावेत म्हणून नोंदवणं) रडत असेल तर पार्टिशन वाढवणंच बरोबर, तुमच्या १२८ केबीने तिथे तसूभर फरक पडणार नाही. सरसकट 'आळशी' म्हणू नये. लॅगचा, म्हणजे कन्झ्युमर किती मागे पडलाय त्याचा, आलेख पाहिला होता का?

कात्रजकर
'आळशी' मागे घेतो. मीटिंगमध्ये आलेख कोणीच उघडला नव्हता, मीसुद्धा. नंतर पाहिला तर कन्झ्युमर लॅग नव्हताच, लॉग प्रोड्यूसरच्या बाजूलाच तुंबत होते. आता २४ ची पुन्हा ६ करायची तर नवा टॉपिक काढून सगळे कन्झ्युमर तिकडे हलवावे लागतील. ते कोणी करायचं, यावर सोमवारी आणखी एक मीटिंग आहे.